सर्फबोर्डाच्या मधल्या सागाच्या पट्टीवर रंधा चालेना – धार कमी की रंधाच चुकीचा?

शहापूरचा_रंधा (धागाकर्ता) – सोमवार, रात्री १०.४२

मंडळी, हसायचं असेल तर आत्ताच एकदा हसून घ्या. मी बेळगावात, शहापुरात बसून सर्फबोर्ड करतोय.

भाचा गोकर्णाकडे पर्यटकांना लाटेवर उभं राहायला शिकवतो. मे महिन्यात आला होता, तेव्हा माळ्यावरची आजोबांची हत्यारं बघून म्हणाला, "मामा, एवढं सगळं पडलंय, एक बोर्ड करून दे की." माझा धंदा कपाटं आणि किचनचा, म्हणजे हल्ली दिवसभर प्लाय आणि सनमायका. खरं लाकूड हातात यायचं निमित्त मिळालं म्हणून हो म्हणून बसलो.

दाट थर्माकोलचा ठोकळा आणला. बाजूने दिसणारा बाक (नाक आणि शेपूट वर उचललेली) गरम तारेने कापला. मग तो मधोमध उभा चिरला आणि दोन भागांमध्ये सागवानाची ५ मिमी जाड पट्टी चिकटवली. हिला स्ट्रिंगर म्हणतात, बोर्डाचा कणा म्हणा. जुन्या घराच्या खिडकीची चौकट पडून होती, तीच चिरली.

आता रडगाणं. थर्माकोल पॉलिशपेपरने सरसर उतरतो, साग मात्र जागचा हलत नाही. त्यामुळे बोर्डाच्या मधोमध वरंबा उभा राहतो. तो रंधून काढायला गेलो तर पात्याचे दोन्ही कोपरे शेजारच्या थर्माकोलमध्ये रुततात आणि नांगरट केल्यासारख्या दोन रेघा पडतात. नाकाजवळ रंधा टेकतच नाही. पुढचं टोक टेकतं, मागचं टेकतं, पातं मधे हवेत. जिथे टेकतं तिथे लाकूड उपसून येतं. आणि दहा मिनिटांत धार गायब. आज संध्याकाळपासून सहा वेळा पातं काढून दगडावर घासलं.

रंधा आजोबांचा, बिडाचा, एका हातात मावणारा. पातं साधारण ४ सेंमी रुंद. प्रश्न एवढाच की धार कशी लावू म्हणजे टिकेल?

खडेबाजार_९ – सोमवार, रात्री १०.५५

बेळगावात समुद्र कुठाय गा? कोटे केरेत सोडूलालास काय?

शहापूरचा_रंधा – सोमवार, रात्री १०.५८

तू तलावात लाट आणून दे, मी सोडतो.

निपाणीकर_अण्णा – मंगळवार, सकाळी ६.२०

धार लावतोस म्हणजे नक्की काय करतोस, ते आधी लिही. बहुतेक जण उताराची (तिरकी घासलेली) बाजू घासत बसतात आणि पाठीकडे, म्हणजे मागच्या सपाट बाजूकडे, बघतच नाहीत. दोन बाजू जिथे भेटतात ती रेघ म्हणजे धार. एक बाजू आरशासारखी आणि दुसरीला गंजाचे खड्डे, तर ती रेघ करवतीसारखीच होणार. तुझ्या आजोबांच्या पात्याने माळ्यावर किती पावसाळे काढलेत कोण जाणे. उलटं करून उजेडात धर आणि बघ. टोकाकडची बोटभर रुंदी सपाट झाली तरी पुरे, अख्खं पातं घासायची गरज नाही.

दगड कुठला वापरतोस? आमच्याकडे कुरुंदाचा होता. वर्षानुवर्षं मधेच घासून त्याला खळगा पडलेला, त्यामुळे पात्याची धार गोलसर व्हायची आणि आम्ही लाकडाला शिव्या द्यायचो. तू आरसेवाल्याकडून जाड काचेचा तुकडा आण. त्यावर पाणी मारून वॉटरपेपर बसव. ४००, मग १०००, मग २०००. उतार २५ अंशांचा आणि अगदी टोकाला ३० अंशांचा केसभर दुसरा उतार. घासताना पाठीकडे बारीक बर (काठावर वळलेली धातूची पापुद्री) येते, ती बोटाला लागली पाहिजे. बर आली नाही म्हणजे तू धारेपर्यंत पोचलाच नाहीस, अलीकडेच घासतोयस. मग पाठ सपाट टेकवून ती बर काढ आणि जुन्या चामडी पट्ट्यावर पातं मागे ओढ. पुढे ढकलू नको, पट्टा कापशील.

तपासायला हातावरचे केस भादरू नकोस, नवी पोरं करतात तसं. देवदाराच्या फळीच्या आडव्या कापावर चालव. चकचकीत कापलं तर धार आहे. पांढुरका चुरा दिसला तर परत काचेवर.

उद्यमबागवाला – मंगळवार, सकाळी ९.०५

अण्णांना +१. पण एवढं करूनही सागावर धार जाणारच, हे आधी मान्य कर. सागाच्या लाकडात सिलिका असते, म्हणजे वाळूच. तू वाळूच्या लाकडावर रंधा मारतोयस. त्यात खिडकीची चौकट! वर चार थरांचा ऑइलपेंट, भेगांत धूळ, आत कुठे मोडका खिळा असेल तो वेगळा. आधी लोहचुंबक फिरव.

दुसरं म्हणजे कोन. मोठ्या रंध्यात पात्याचा उतार खाली असतो, तुझ्यासारख्या लहान रंध्यात तो वर असतो. त्यामुळे लहान रंध्यात धारेचा कोन बदलला की लाकडाला भिडायचा कोनही बदलतो. पात्याची बैठक बहुतेक २० अंशांची असेल, काही रंध्यांत १२ ची असते. २० अधिक २५ म्हणजे ४५. टोकाचा उतार अण्णा म्हणतात तसा ३० केलास की ५०, ३५ केलास की ५५. धार जाड झाली म्हणून सागात जास्त टिकते, आणि पातं उभट झालं म्हणून शिरा उपसण्याऐवजी कापून काढतं. हाताला जोर जास्त लागतो, पण ५ मिमी पट्टीला जोर तो कितीसा.

खानापूरची_लेक – मंगळवार, दुपारी २.३०

मला त्या बोर्डातलं ओ की ठो कळत नाही, पण लाकूड उपसण्याबद्दल बोलू शकते. बाबा बैलगाडीची चाकं करायचे. ते म्हणायचे, लाकूड म्हणजे मांजर, शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवलास तर बोचकारणारच.

दादा, तुमची पट्टी सरळ फळीतून बाकदार कापलीय ना? म्हणजे शिरा सरळ आणि वरचा काठ वाकडा. बाक जसजसा वाढतो तसतशा शिरा काठातून बाहेर येतात. तिथे चढावर रंधा मारला की पातं शिरेखाली घुसतं आणि ढलपी उचकटून येते. रंधा नेहमी उतारावर मारायचा. बोर्ड सुलटा ठेवला, म्हणजे उभं राहायची बाजू वर, तर नाक उंच आणि मध्य खाली. तेव्हा नाकाकडून मध्याकडे या. उलटा ठेवला की मध्य उंच आणि नाक खाली, मग मध्याकडून नाकाकडे जा. एका बाजूची सवय झाली की पलटल्यावर हात हमखास चुकतो. बाबा आऱ्यांवर खडूने बाण काढून ठेवायचे, आणि आम्ही पोरं ते बाण उलटे करून ठेवायचो. मार खाल्लाय त्यासाठी.

रंधा टेकत नाही, ती गोष्ट तर धारेची नाहीच. खोलगट जागेत लांब सपाट तळ टेकणार कसा? बाबांकडे दोन्ही बाजूंना मुठी आणि मधे छोटं पातं असलेला रंधा होता, त्याचा तळ गोल. इंग्रजीत त्याला स्पोकशेव्ह म्हणतात हे मला फार नंतर कळलं. चाकाचे आरे तासायचं हत्यार, नावातच आरा आहे. तसा मिळतोय का बघा.

शहापूरचा_रंधा – मंगळवार, रात्री ९.१५

ताई, बाण काढले. नाकाकडचं उपसणं निम्म्यावर आलं! मी दोन्ही बाजूंना मध्याकडून बाहेर जात होतो.

अण्णा, पाठ बघितली. लाज वाटली. गंजाचे खड्डे धारेपर्यंत आलेत. काच आणलीय.

पण थर्माकोलमधल्या रेघा आज जास्त खोल पडल्या. धार सुधारली आणि काम बिघडलं, हे काय गौडबंगाल?

भरती_ओहोटी – मंगळवार, रात्री ११.४०

हा धागा मला आतापर्यंत पाच जणांनी पाठवला :-) मी मूळचा टिळकवाडीचा, सध्या मुळकीजवळ असतो. मोडके बोर्ड दुरुस्त करतो, वर्षाला दोन-चार नवेही करतो.

गौडबंगाल काही नाही. वरचे सगळे लाकडाबद्दल बरोबर बोलताहेत, तुला त्रास देतोय तो लाकडाचा शेजारी. बोटभर अंतरात सागासारखं कठीण लाकूड आणि नखाने दबणारा थर्माकोल. रंधा ज्याने घडवला त्याच्या डोक्यात या काठापासून त्या काठापर्यंत लाकूडच होतं. तुझ्या ४ सेंमी पात्यातलं ५ मिमी कामाचं, उरलेलं साडेतीन सेंमी निव्वळ नुकसान करायला बसलेलं. धार जितकी चांगली, तितके कोपरे खोल जाणार. अण्णांचं ऐकलंस म्हणून रेघा वाढल्या, यात अण्णांची चूक नाही.

पूर्वी हा घोळ नव्हता. बोर्ड अख्खा बाल्साचा असायचा तेव्हा दोन मुठींची ओढसुरी, मोठा रंधा, सगळं चालायचं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात पॉलियुरेथेन फोमचे बोर्ड आले आणि लाकूड मधल्या पट्टीपुरतं उरलं. तेव्हापासून बोर्ड घडवणारे लोक सुताराचा रंधा विकत आणतात आणि पहिल्या दिवशी त्याला कानस लावतात. दुकानातला रंधा जसाच्या तसा वापरणारा शेपर मला अजून भेटायचाय.

मी काय करतो ते सांगतो. पात्याची मधली १२ मिमी सरळ ठेवतो आणि तिथून दोन्ही बाजू मागे झुकवत नेतो, अंगठ्याच्या नखासारखं. नुसती टोकं मोडून भागत नाही. रंधा उलटा करून तळावरून एका डोळ्याने बघितलं की पात्याचा फक्त मधला भाग वर आलेला दिसला पाहिजे, कोपरे तळाच्या आत. मग तळाच्या चारही कडा गोल करायच्या. हे लोक विसरतात. पातं रुतलं नाही तरी बिडाची कड रुततेच, विशेषतः पुढची.

नाकाच्या खोलगट भागासाठी वेगळा रंधा, त्याचा तळ लांबीत किंचित फुगीर. वरच्या ताईंनी सांगितलेला गोल तळाचा स्पोकशेव्हही चालतो, मी वापरतो. मात्र त्याच्या मुठी लांब असल्या तर बोर्डाच्या अंगाला लागतात. मी कापून टाकल्यात.

फुगीर तळाचा प्रयोग आजोबांच्या रंध्यावर करू नकोस. भंगारात दुसरा हुडक.

आणि एक महत्त्वाचं, कारण तू सुताराच्या घरातला आहेस. सुतार तळावर मेणबत्ती फिरवतो आणि दगडावर तेल टाकतो. इथे दोन्ही बंद. मेणाचा किंवा तेलाचा अंश पट्टीवर राहिला तर वर ओतलेलं रेझिन (बोर्डावर कडक कवच करणारं चिकट द्रव) तिथे धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. अण्णांची पाण्यावरची काच म्हणूनच बरी. धार लागली की पातं स्पिरिटने पूस. सिलिकॉनचा स्प्रे त्या खोलीत आणूच नकोस.

निपाणीकर_अण्णा – बुधवार, सकाळी ६.१०

मेणबत्तीचं पहिल्यांदा ऐकलं. आयुष्यभर फिरवली. वाचतोय.

शहापूरचा_रंधा – बुधवार, रात्री १०.२०

घोळ घातलाय.

भरती_ओहोटी यांचं वाचलं आणि थांबवेना. दुकानातल्या ग्राइंडरवर पात्याचे कोपरे धरले. सुरुवातीला पाण्यात बुडवत होतो. मग फोन आला, बोलता बोलता धरून ठेवलं. बघतो तर डाव्या कोपऱ्यापासून आत चांगला ७-८ मिमीचा पट्टा निळा. आधी सोनेरी, मग जांभळा, मग निळा. दिसायला सुंदर. आजोबांचं पातं.

घरी कुणाला सांगितलेलं नाही. इथे लिहितोय.

उद्यमबागवाला – बुधवार, रात्री १०.४८

श्वास घे. निळा भाग गेला, पातं गेलं नाही.

पोलाद तापताना वर जो रंग चढतो तो थर्मामीटरसारखा वाचायचा. फिकट सोनेरी म्हणजे साधारण २२० अंश सेल्सिअस, तिथपर्यंत पातं ठणठणीत. निळा म्हणजे ३०० च्या आसपास, तिथे पाणी उतरलं, तेवढा भाग मऊ झाला. उरलेलं पातं जसं होतं तसंच आहे. (हे जुन्या कार्बन पोलादाचं. पॉवर हॅकसॉच्या हायस्पीड स्टीलपासून केलेलं पातं निळं पडलं तरी बिघडत नाही, ते बरंच जास्त तापमान सोसतं.)

खात्री करायची असेल तर कानस घे. बारीक कानस पात्याच्या काठावर हलकी ओढ. घसरली तर पातं कडक, चावली तर मऊ. निळ्या भागावर चावेल आणि मधे घसरेल, लावतोस पैज? आता गंमत अशी की कोपरे तुला काढायचेच होते. निळा भाग बहुतेक त्या काढायच्या भागातच आहे.

ग्राइंडरला हात लावू नकोस. शनिवारी उद्यमबागेत ये, बेल्टवर पाणी सोडत करू. बोट पात्यावर ठेवायचं, बोटाला चटका बसला की थांबायचं. एवढाच नियम.

खानापूरची_लेक – बुधवार, रात्री ११.०२

दादा, आजोबांनीसुद्धा एखादं पातं निळं केलंच असेल. त्यांनी कुठे लिहून ठेवलं नाही एवढंच.

वाद्यवेडा_मिरज – गुरुवार, दुपारी १२.१५

उशिरा आलो. आम्ही मिरजेत तंतुवाद्यं करतो, त्यामुळे वाकड्या पृष्ठभागावर बारीक रंधा हा रोजचाच विषय. व्हायोलिनवाले दोन बोटांत धरायचा पितळी रंधा वापरतात, अंगठ्याएवढा, तळ लांबीत आणि रुंदीत दोन्हीकडे फुगीर. तो तुमच्या नाकाकडच्या जागेत उंदरासारखा शिरेल. आयात केलेला महाग पडतो. आमच्यातले काही जण जाड पितळी पट्टीतून घरीच करतात, पातं हॅकसॉच्या तुकड्याचं.

शेवटचा पापुद्रा मात्र रंध्याने काढूच नका. खरवडणी वापरा. पातळ पोलादी पत्र्याचा तुकडा, काठ कानशीने अगदी चौकोनी करायचा, मग स्क्रूड्रायव्हरच्या गुळगुळीत दांड्याने जोर देऊन काठाची बर एका बाजूला वळवायची. ती वळलेली बर म्हणजेच धार. उलट्या शिरांवरही उपसत नाही. पट्टीच्या रुंदीपेक्षा थोडीशीच मोठी करा, म्हणजे थर्माकोलला हात लागायचा प्रश्न मिटला. आणि पट्टीच्या दोन्ही बाजूंना कागदी मास्किंग टेप लावा. टेप खरवडला जाऊ लागला की समजायचं पोचलो.

भरती_ओहोटी – गुरुवार, दुपारी १.३०

टेपची युक्ती झकास. उचलली. मात्र टेप हळू काढा, थर्माकोलचे दाणे बरोबर घेऊन येतो.

विषय निघालाच आहे तर सरफॉर्मचंही सांगून टाकतो. स्टॅनलीचं ते हत्यार, भोकाभोकांचं पातं, थेट खोबऱ्याच्या किसणीचं भावंड. त्याला धार लावता येत नाही. बोथट झालं की पातं बदलायचं, वेळ घालवू नका. पण ते कसं धरलं यावर सगळं असतं. चालवायच्या दिशेला ४५ अंश तिरकं धरलं की सगळ्यात जास्त माल निघतो, सरळ धरलं की गुळगुळीत. मी मुठीतून पातं काढून त्याचे दोन तुकडे करतो. एक तसाच, दुसरा हाताने थोडा वाकवलेला, बोर्डाच्या कडांच्या गोलाईसाठी. कापलेली टोकं कानशीने मोडा, नाहीतर तळहात फाटतो. माझा फाटलाय. दाट पॉलियुरेथेनवर हे पातं लोण्यासारखं चालतं, थर्माकोलवर मात्र बोथट पातं दाणे अख्खे उपटतं, म्हणून तिथे नवं पातं आणि हलका हात.

खडेबाजार_९ – गुरुवार, रात्री ९.४०

एक विचारू? थर्माकोल, साग, टेप, एवढा कुटाणा कशाला? अख्खा बोर्डच लाकडाचा कर की. खानापूरच्या जंगलात लाकूड काय कमी हाय?

भरती_ओहोटी – गुरुवार, रात्री १०.३०

चेष्टेत विचारलंस, पण प्रश्न लाखाचा आहे. हवाईत हे बोर्ड अख्ख्या लाकडाचेच होते. तिथली लाकडं ऐक. लांब ओलो बोर्डांना विलिविली वापरायचे, ते आपल्या पांगाऱ्याच्या कुळातलं झाड. आपल्याकडे पानमळ्यात वेली चढवायला लावतात तो पांगारा, सावंतवाडीची खेळणी पूर्वीपासून ज्याची होतात तो. पातळ आलाया बोर्डांना उलू, म्हणजे नीरफणस, आपल्या फणसाचा आणि हेबलसाचा (रानफणसाचा) सख्खा भाऊ. आणि कोआ, तो बाभळीच्या गोतावळ्यातला. ताईंच्या बाबांनी चाकं घडवली त्या बाभळीच्या!

घडवायचे दगडी वाकसाने. मग खडबडीत प्रवाळाने घासायचे. पॉलिशपेपर तोच.

वजनाचं मात्र विचारू नकोस. हवाईचा नामी लाटस्वार ड्यूक कहानामोकू, त्याचा कोआचा १६ फुटी बोर्ड ११४ पौंडांचा होता, म्हणजे ५० किलोच्या वर. भाच्याला तो पाण्यापर्यंत न्यायला बैलगाडी लागेल.

खानापूरची_लेक – गुरुवार, रात्री १०.४५

चाकं आमच्याकडे आहेत :-)

(अवांतर: जंगलातलं लाकूड तोडायचा विचार कुणी मनातही आणू नका. बांधावरचा पांगारा वेगळा.)

उद्यमबागवाला – शनिवार, सायंकाळी ७.१०

शहापूरकर येऊन गेले. पातं झालं. निळा भाग खरोखरच सगळा निघाला, उजवी बाजू तेवढीच झुकवली.

बिडाबद्दल दोन शब्द लिहितो, कारण बेळगावात राहून बिडाबद्दल न बोलणं म्हणजे कुंदा न खाता जाणं. जुना रंधा ओतीव बिडाचा असतो. बिडात ग्राफाइट असतं, त्यामुळे कानस छान चालते, काळी भुकटी पडते, हात काळे होतात. पण बीड वाकत नाही, तुटतं. व्हाइसमध्ये आवळताना दोन्ही बाजूंना लाकडाचे तुकडे ठेवा आणि कडेच्या पातळ भिंती आवळू नका. हातोडी तर नकोच.

भंगारातून एक दुसरा रंधा मिळाला होता (तीनशे पन्नासला, गंजाच्या वजनासकट), त्याचा तळ फुगीर केला. काचेवर ८० चा पेपर, तळावर पेन्सिलीने जाळी काढली, आणि पुढे-मागे झुलवत घासलं. पेन्सिल टोकांकडून पुसत यायला हवी आणि तोंडाजवळची (तळातल्या ज्या फटीतून पातं बाहेर येतं तिथली) शेवटपर्यंत राहायला हवी. तोंडाजवळ घासलंत की तोंड रुंद होतं, आणि तोंड रुंद झालं की लाकूड दाबून धरायला समोर काही राहत नाही, परत उपसायला लागतं. टोकांना जेमतेम १ मिमी उतरवलं. तेवढं पुरलं. चहा तीनदा झाला.

शहापूरचा_रंधा – रविवार, रात्री ११.३०

मंडळी, पट्टी बसली.

दिवसभर लागला. आजोबांच्या रंध्याने मधला सरळ भाग, भंगारातल्या फुगीरने नाक आणि शेपूट, दोन्हीकडे टेप, खडूचे बाण. टोकाचा कोन ३५ ठेवला. पातं आता पाऊण तास टिकतंय, सागावर यापेक्षा जास्त अपेक्षा नाही. रेघा पडल्याच, दोन. एक फोन वाजला तेव्हाची. फोन आता स्वयंपाकघरात राहतो.

नाकाच्या टोकाकडे तरीही एक जागा होती जिथे शीर फिरलेली, उतारावर मारलं तरी उपसायची आणि चढावर मारलं तरी. तिथे मिरजकरांची खरवडणी. बर वळवायला चौथ्या प्रयत्नात जमलं. पहिल्या तीन वेळा काठ चौकोनी नव्हता, कानस तिरकी चालत होती. जमली तेव्हा सागाचा भुसा पडायच्या ऐवजी कांद्याच्या पापुद्र्यासारखी ढलपी आली. बायकोला दाखवली. ती म्हणाली, छान आहे, आता खोलीभर उडालेले थर्माकोलचे दाणे कोण गोळा करणार?

बोटाने चाचपलं तर साग कुठे सुरू होतो कळत नाही. डोळे मिटून तीनदा बघितलं.

पुढची पट्टी सागाची करणार नाही. मजबूत आहे, पण ५ मिमीसाठी एवढं भांडण परवडत नाही.

आता रेझिन. दुकानदार साधं पॉलिएस्टर देतोय, स्वस्त आहे. घेऊ का?

भरती_ओहोटी – रविवार, रात्री ११.३६

नको! नको! पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरिन असतं, ते थर्माकोल खातं. डोळ्यांदेखत बोर्डाला भगदाड पडेल. थर्माकोलवर फक्त इपॉक्सी. खात्री करायची तर कापलेल्या तुकड्यावर चमचाभर ओतून बघ.

शहापूरचा_रंधा – रविवार, रात्री ११.४१

बरं झालं विचारलं. उद्या डबा परत करतो.

वाद्यवेडा_मिरज – सोमवार, सकाळी १०.००

पापुद्र्याचा फोटो टाका.

शहापूरचा_रंधा – सोमवार, दुपारी १.२०

केर काढताना गेला.

खडेबाजार_९ – सोमवार, रात्री ९.०५

रंधेवाले, चेष्टा केली ती सोड. एक काम हाय. घरचा मागचा दरवाजा पावसात फुगलाय, आईला ओढून ओढून खांदा धरलाय. हार्डवेअरमधून रंधा आणलाय आज. खालून रंधू की बाजूने? धार लावूनच देतात काय नवीन रंध्याला?

शहापूरचा_रंधा – सोमवार, रात्री ९.२२

नव्या रंध्याला धार नसते, अण्णांचं वर लिहिलेलं वाच. आणि दरवाजा आत्ता रंधू नकोस गा. पाऊस उतरला, ऊन पडलं की लाकूड आपोआप आक्रसेल, आणि मग रंधलेल्या जागी बोटभर फट राहील. आत्ता कुठे घासतंय तिथे खडू लाव, म्हणजे खूण राहील. दिवाळीनंतर बघू. तोवर आईसाठी पुढच्या दाराची कडी काढून ठेव.

खडेबाजार_९ – सोमवार, रात्री ९.३०

बरं. मग हा रंधा घेऊन आता काय करू?

निपाणीकर_अण्णा – मंगळवार, सकाळी ६.०५

पाठ सपाट कर.